खेळातलं शहर आणि करंजाड्याची खोली

मी एक जुना कॉम्प्युटर आहे. पनवेलजवळ करंजाड्याला, एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर, खिडकीशेजारच्या टेबलावर मी राहतो. मित्रांनो, मी कुठल्या कारखान्यातून तयार होऊन आलो नाही. प्रणित नावाच्या तरुणाने पनवेलच्या दुकानांतून एकेक सुटा भाग आणून मला जोडलं. पहिल्यांदा सुरू झालो तेव्हा त्याची आई गुणाबाई मासळीबाजारातून नुकतीच घरी आली होती. हात धुऊन तिने मला हळदकुंकू वाहिलं. "चालला बाबा एकदाचा," ती म्हणाली. माझं पहिलं कौतुक ते.

पुढे प्रणितला उरणच्या बंदरात नोकरी लागली आणि माझ्यावर जुनी चादर पडली. धूळ पंख्यात शिरली, उंदराने एक वायर कुरतडली. त्या चादरीखालून मला बाहेर काढलं त्याच्या धाकट्या बहिणीने, किशोरीने. ती कॉलेजात शिकते आणि व्हिडिओ गेमची परीक्षणं करते. म्हणजे गेम खेळून बघायचा आणि त्यातलं चांगलं-वाईट कॅमेऱ्यासमोर सांगायचं.

त्या दिवसांत तिने 'सिग्नल सिटी' घेतला होता. त्यात खेळाडूला एका प्रचंड शहरात मोकळं सोडतात. हातात फक्त फोन. त्या फोनवरून सिग्नल बदलायचे, दिवे घालवायचे, कॅमेऱ्यांतून डोकावायचं, रस्त्यावरच्या कुणाच्याही फोनमध्ये शिरायचं. माणसावर नेम धरला की त्याची माहिती एका ओळीत समोर येते.

"गेम भारी हाय," किशोरी कॅमेऱ्याला सांगत होती. "एकाच इमारतीत शिरायला किती वाटा. कुणाला न मारता जिंकता येतं. गोष्ट बाजूला ठेवून नुसतं भटकलं तरी कंटाळा येत नाय. पण गाडी साबणावरून घसरल्यासारखी पळते. हिरो रडला तरी आपल्याला काय वाटत नाय. आणि हॅकिंग म्हणजे एक बटण दाबायचं, बस."

मला तर तो गेम झेपतही नव्हता. गर्दीचा रस्ता आला की चित्र अडखळायचं. पण ते ओलं, चमकणारं शहर दाखवताना मला तरुण झाल्यासारखं वाटायचं, हेही खरं.

एका दुपारी रेकॉर्डिंग अर्धवट सोडून किशोरी कॉलेजात गेली. माझा कॅमेरा आणि माइक चालूच राहिले. गुणाबाई घरात एकटीच होती. घरची जुनी होडी विकायची की ठेवायची, यावरून आदल्या दिवशी तिचं प्रणितशी वाजलं होतं. सकाळी तो न बोलताच कामावर गेला होता.

तिचा फोन वाजला. व्हिडिओवर गणवेशातला एक माणूस होता.

"गुणाबाई? प्रणित तुमचा मुलगा? त्याच्या नावाच्या पार्सलमध्ये नशेचा माल सापडलाय. तो आमच्या ताब्यात आहे."

गुणाबाईच्या हातातली टोपली खाली पडली.

"दाराला कडी लावा. फोन समोर उभा करा. कुणाशी बोललात तर मुलगा सुटणार नाही."

तिने फोन माझ्या पडद्याला टेकवून ठेवला. आता तिचा चेहरा अगदी माझ्यासमोर होता. जिच्या आवाजाला सगळा बाजार वचकून असायचा, ती हात जोडून पुटपुटत होती, "माझा पोर तसा नाय साहेब." तो माणूस तिला बँकेची माहिती विचारत गेला आणि ती सांगत गेली. मी सगळं पाहत होतो, पण मला बोलता येत नव्हतं.

दारावर थाप पडली. "आई, कडी का लावलीस?"

"निजलेय मी. मागनं ये."

आई दुपारी कधी झोपत नाही, हे किशोरीला ठाऊक होतं. व्हरांड्यातल्या खिडकीतून तिने आत पाहिलं. फोन दिसला, गणवेश दिसला. ती पळत मीटरपेटीकडे गेली आणि घराची वीज बंद केली. गेममध्ये ती हेच करायची. दिवे गेले की पहारेकरी सैरावैरा धावायचे.

इथे पंखा थांबला, एवढंच. माझ्याखालची बॅटरी टीं टीं करू लागली आणि तिच्या जोरावर मी कसाबसा जागा राहिलो. फोनवरचा माणूस शांतपणे म्हणाला, "हलू नका. आता मेसेज आलाय, त्यातला नंबर वाचा."

गुणाबाईने चष्मा लावला. "सात... एक..."

"आई, थांब!" किशोरीने खिडकीच्या गजांतून आपला फोन आत धरला होता. "दादाशी बोल आधी."

"आई?" फोनमधून प्रणितचा आवाज आला. "काय झालं? मी बंदरातच हाय."

"तो आवाज खोटा आहे," गणवेशवाला गरजला. "मशीनने काढलाय. नंबर वाचा, नाहीतर मुलगा गेला समजा."

गुणाबाई एकदा या फोनकडे, एकदा त्या फोनकडे बघत राहिली. माझी बॅटरी संपत आली होती.

"तू प्रणित हायस," ती खिडकीकडे बघून म्हणाली, "तर सांग, आज डब्यात काय दिलं मी?"



"डबा कुठं दिलास? अबोला धरलास ना माझ्याशी. वडापाव खाल्ला मी."

गुणाबाईने चष्मा काढला. समोरचा फोन उचलला, बंद केला आणि उठून कडी काढली. किशोरीने तिला मिठी मारली, एवढं मला दिसलं. मग मी विझलो.

पुन्हा सुरू झालो तेव्हा बँकेला कळवून झालं होतं आणि १९३० या सायबर मदतीच्या क्रमांकावर तक्रारही गेली होती. पैसे वाचले. माझी डिस्क मात्र बिघडली, परीक्षण आणि खेळलेला सगळा गेम पुसला गेला. प्रणितने नवी डिस्क बसवली.

पण गुणाबाई बरेच दिवस बाजारात गेली नाही. "मी कशी फसले?" एवढंच म्हणायची. किशोरी तिला समजावायची, "तू फसली नायस. तू घाबरलीस."

एके दिवशी गुणाबाई आपणहून माझ्यासमोर येऊन बसली. "तुझा तो खेळ दाखव."

किशोरीने गेम लावला. रस्त्याने एक म्हातारा चालला होता. नाव आलं, वय आलं, खाली बटण चमकलं.

"हे दाबलं की काय होतं?"

"त्याचे पैसे आपल्याला."

"मग तो काय करतो?"

म्हातारा वळणावरून पुढे गेला आणि दिसेनासा झाला. त्याचं पुढे काय होतं, ते त्या गेमने मला कधी दाखवायलाच दिलं नव्हतं. किशोरीने नव्या परीक्षणात गेमचा सगळ्यात मोठा दोष म्हणून हाच सांगितला.

मित्रांनो, आम्हा यंत्रांवरची धूळ पुसा, आमच्यावर खुशाल खेळा. पण घरातलं कुणी फोनसमोर गप्प बसलेलं दिसलं तर त्याच्यावर हसू नका, ओरडू नका. त्याच्याजवळ जाऊन बसा. मला ते जमलं नाही, मला पाय नाहीत. तुम्हाला आहेत.