मंजुळाबाईचं मनगट आणि माझं मोठं चाक

मी एक जुनी, बॅटरीवर चालणारी कुंपण छाटायची मशीन आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगते, मला इथल्या माणसांची शिसारी आली आहे. तेलगावच्या रस्त्याला मोहनरावांचं लग्नाचं लॉन आहे. तिथल्या सामानाच्या खोलीत मी खिळ्याला लटकते. माझ्या पात्यांवर मेंदीच्या कुंपणाचा वाळलेला चीक आहे, अंगावर कुणाच्या तरी गुटख्याचा डाग आहे. पुसलं तर कुणाचा हात झडणार नाही, पण पुसत नाहीत.

माझ्या पोटातली गोष्ट समजून घ्या, म्हणजे पुढची घाण कळेल. माझी मोटार फार वेगात फिरते, पण तिच्यात जोर नसतो. म्हणून तिच्या टोकावरचं चिमुकलं गिअर एका मोठ्या पोलादी गिअरला फिरवतं. लहान चाकाचे पुष्कळ फेरे होतात तेव्हा मोठ्याचा एक होतो. वेग घटतो, जोर वाढतो. तो फेरा पात्यांना पुढेमागे सरकवतो, आणि बोटाएवढी फांदीही मुकाट्यानं तुटते. ज्या कारखान्यात मी जन्मले, तिथल्या कुणीतरी डोकं चालवून बसवलेलं हे गणित.

तीन वर्षांपूर्वी मी इथे आले ती मंजुळाबाईच्या हातात. वीस हंगाम ऊस तोडून या बाईचं उजवं मनगट कामातून गेलं होतं. कात्रीनं कुंपण छाटलं की ते सुजायचं. हिसका बसेल असं काम बीडच्या डॉक्टरनं बंद करायला सांगितलं होतं. हे लॉनचं काम टिकलं, तरच तिला पुन्हा ऊसतोडीच्या टोळीबरोबर जावं लागणार नव्हतं. आणि ते काम मी टिकवलं. तिनं माझ्या हँडलला जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळली, रोज पाती पुसली, दोन थेंब तेल दिलं. एका बॅटरीत आम्ही दोघी गेटपासून स्टेजपर्यंतची मेंदी एका रेषेत आणायचो. लग्नाला आलेली माणसं तिच्यापुढे उभी राहून फोटो काढायची. मला आवडायचं ते, खोटं कशाला बोलू?

मग पप्पूनं नाक खुपसलं. पप्पू म्हणजे मोहनरावांचा पुतण्या, लॉनचा कारभार बघणारा पस्तिशीचा गडी. त्याची मोटारसायकल दोन गावं आधी ऐकू येते. त्याला लॉनच्या जाहिरातीचा व्हिडिओ करायचा होता आणि मी त्याला मरगळलेली वाटले. बीडला दुरुस्तीवाल्या संगमेश्वरपुढे मला आदळून तो म्हणाला, "लई हळू चालतीय बे. आवाज निघाला पाहिजे."

"चाकं बदलतो, पन जोर जाईल," संगमेश्वर म्हणाला.

"जोर कुनाला दिसतो? स्पीड दिसतो."

झालं. माझं मोठं चाक काढलं, त्या जागी कमी दातांचं लहान आलं, आणि मोटारीवरचं थोडं मोठं केलं. हवेत माझी पाती अशी सळसळली की पप्पू खूश. व्हिडिओत त्यानं माझ्यापुढे चार कोवळ्या डहाळ्या धरल्या. लोकांनी वाहवा केली.

दुसऱ्या दिवशी मंजुळाबाईनं बटण दाबलं आणि लगेच सोडलं. "मालक, हिचा आवाज पातळ झालाय. पोटातलं कायतरी काढलंय हिच्या."

मोहनराव मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाले, "नवी करून आनलीय. चालव."

पहिल्याच जाड फांदीत मी अडकले. जोरच नव्हता, तर तोडू कशानं? मोटार तापली, जळका वास सुटला, बॅटरी अर्ध्या मेंदीतच संपली. रोज हेच. अडकले की हिसका, आणि तो हिसका जायचा कुठे, तर तिच्या मनगटात. महिन्याभरात मनगट टम्म फुगलं, तिला माझं वजन पेलवेना. पप्पू चुलत्याला म्हणाला, "बाईला मशीन झेपत न्हाई." मोहनरावांनी मान डोलावली. माझं पोट कुणी उघडून पाहिलं नाही. जी मला दिवसभर धरायची तिचं सोडून, ज्यानं मला धरून कधी एक फांदी तोडली नाही त्याचं ऐकलं. थुंकावंसं वाटलं, पण मला तोंड नाही.

दिवाळी झाली. गावात टोळीची गाडी लागली, त्या सकाळी मंजुळाबाई लॉनवर आली. खोलीत शिरून तिनं खिळ्यांच्या डब्यात हात घातला आणि माझं मोठं चाक बाहेर काढलं. पप्पूनं ते तिथंच टाकलं होतं. तिला ते पूर्वी एकदा सापडलं होतं, तिनं सांगितलंही होतं, पण ऐकलं कोण? तिनं ते डाव्या हातानं मोहनरावांच्या तळहातावर ठेवलं.

"हे बसवा, मालक."

"आन् तू कुठं निघालीस?"

"टोळीत नाव दिलंय. कोयता धरवत न्हाई, मोळ्या बांधीन. पुढं ज्या बाईला ठिवताल, तिचं मनगट तरी ऱ्हाईल."

मोहनरावांनी ते चाक उलटंसुलटं करून पाहिलं. गाडीनं हॉर्न दिला आणि ती गेली.

तुळशीची लग्नं लागायच्या आत चाक परत बसलं. आता मी पहिल्यासारखी चालते. पप्पू मला धरतो, दमतो, शिव्या देतो. ती चिंधी त्यानं घाण म्हणून फेकून दिली.

मित्रांनो, यंत्राला तेल द्या, पाती पुसा, सगळं करा. पण त्याचं काही बिनसलं का, हे ते दिवसभर हातात धरणाऱ्या माणसाला आधी विचारा. मोहनरावांना हे कळलं, तेव्हा मंजुळाबाई उसाच्या फडात मोळ्या बांधत होती. आणि मोळी आवळायला मनगटच लागतं.