केशरचं झाकलेलं नाव

केशर गुंदच्या फाट्यावर चहाचं हॉटेल चालवायची. नवरा वारल्यापासून त्यावरच तिचं पोट होतं.

त्या उन्हाळ्यात खाणीवर कामाला आलेली परमुलखातली माणसं हुसकून लावायला एका सरकारी ट्रकात कोंबलेली तिनं पाहिली. ट्रक पाण्यासाठी थांबला होता. तान्हं पोर पोटाशी धरलेल्या एका बाईला तिनं तांब्या दिला, तर त्या बाईनं तिचा हातच धरला. सोडेना. ट्रकावरच्या जंगलखात्याच्या बाबुराव गार्डानं फळीवर काठी आपटली, तेव्हा कुठं सुटला. त्या माणसांना गोव्याच्या हद्दीत रानात उतरवलं. तिकडच्या पोलिसांनी परत इकडं हाकललं. घाटातल्या त्या हेलपाट्यात ते तान्हं पोर दगावलं.

बेळगावात ओरड झाली तशी चौकशी लागली. जोयड्याच्या बंगल्यावर साहेब बसले आणि आजूबाजूच्या बऱ्याच जणांना बोलावणं गेलं. केशर आत गेली तर दारात बाबुराव. ती बोलेना. साहेबांनी त्याला बाहेर घालवलं.

"तुझं नाव कुणाला कळणार नाही. अहवालात काळं करू."

तिच्या मनगटाला त्या बाईचा हात अजून जाणवत होता. तिनं पाहिलं ते सगळं सांगितलं.

दिवाळीच्या आसपास येसू जीपवाला फाट्यावर थांबला. खाली उतरला नाही.

"अक्का, कचेरीच्या बोर्डावर अहवाल लावलाय. तुझ्या नावावर काळी शाई हाय. पण म्होरं लिवलंय, गुंद फाट्यावर चहाचं हॉटेल चालवणारी विधवा."

केशर हातातलं फडकं पिळत राहिली. "आन त्या माणसांचं?"

"आपखुशीनं गेली म्हणं. तुझी जबानी ऐकीव ठरवलीया."

तिथून पुढं चुलीवर आधण नुसतं आटायचं. लाकडाचे ट्रक थांबेनासे झाले. शेजारची काशी उसनं पीठ मागायलाही येईना. एकटा बाबुराव तेवढा यायचा. बाकड्यावर बसून सावकाश चहा प्यायचा, आणि हॉटेलाची जागा सरकारी हाय, एवढंच म्हणून जायचा. माहेर कुंभारवाड्याला. भावानं निरोप धाडला, इकडं येऊ नको, आमची लाकूडतोडीची कामं जातील.

मग पुरवणी जबानीचं बोलावणं आलं. बंगला तोच, साहेब तेच. कारकुनानं कागद तयारच ठेवला होता. माणसं हसतखेळत ट्रकात चढली, असा मजकूर त्यानं वाचून दाखवला आणि अंगठ्यासाठी शाईचा डबा पुढं सरकवला.

"हे मी सांगितलंच न्हाई," केशर म्हणाली.

"अंगठा दिलास तर प्रकरण मिटेल. तुझ्याच भल्याचं आहे."

"पयल्यांदा नाव कळणार न्हाई म्हणाला व्हता, साहेब." तिनं डबा परत सरकवला. "मी काय बघितलं ते सांगितलंय. तेच ऱ्हाऊ दे."

साहेबांनी कारकुनाकडं पाहिलं. 'साक्षीदार सहकार्य करत नाही,' असं त्यानं लिहिलं आणि सवयीनं तिच्या नावावर काळी रेघ मारली.

ती बाहेर आली. शेवटची बस गेली होती. येसूची जीप उभी होती, पण तिला बघून त्यानं ती चालू केली आणि निघून गेला. बंगल्यासमोरच्या चिंचेखाली आता एकच, जंगलखात्याची जीप राहिली होती. बाबुरावनं तिचं मागचं दार उघडून धरलं होतं.

"गुंदलाच जायचं न्हवं, अक्का? बस."

उन्हं कलली होती. मधे सगळं रान. केशरनं पदर खोचला, आणि त्याच्याकडं न बघता आत चढली.