बिगुल वाजल्यावर

मेंदूवर नाटक लिहिणारी बाई मी तोवर पाहिली नव्हती. सुनंदा डॉक्टरी शिकत होती आणि गणेशोत्सवात आमच्या मंडळाची नाटकं मी बसवत असे. तिने नाटक वाचून दाखवलं तेव्हा मंडळातल्या म्हाताऱ्यांनी नाकं मुरडली. मला पोरीचं फार कौतुक वाटलं, आणि असं काही आपल्या डोक्यात कधी आलं नाही म्हणून थोडा रागही आला.

नाटक एका फौजीचं. डोक्याला मार लागून त्याची स्मृती जाते. डॉक्टर म्हणतो, मेंदूचा तो भाग गेला की माणूसही गेला. मुलगी ते मानत नाही. शेवटी ती रियासतीच्या सलामीचा बिगुल वाजवायला लावते, तरी बाप ढिम्म बसून राहतो.

हे कुठून आलं ते आमच्या साऱ्या लष्कर पेठेला ठाऊक होतं. तिचे वडील सूर्याजीराव रियासतीच्या फौजेत सुभेदार. नाटकाचे भारी शौकीन. थिएटरात मध्येच कुणी उठला की, मग तो कर्नल का असेना, त्याला झापायचे. घोड्यावरून पडले आणि लेकीलाही ओळखेनासे झाले. मग फौज विलीन झाली, रियासत गेली, मध्य भारत नावाचं राज्य आलं, आता तेही मोडून मध्य प्रदेश होणार होता. त्यांना कशाचाच पत्ता नव्हता. धाकटे भाऊ कान्होजी म्हणत, दादा गेला, उरली ती नुसती कुडी. गणपती उठले की त्यांना वेड्यांच्या इस्पितळात ठेवायचं कान्होजींनी ठरवलं होतं. काकांनी त्याआधी नाटक बघावं, एवढंच सुनंदाने मागितलं.

प्रयोगाला पार हजीरा मोहल्ल्यापासूनचे जुने फौजी आले. कान्होजी भावाला घेऊन शेवटच्या रांगेत बसले. सुनंदा मुलगी झाली होती, मी डॉक्टर, आणि बाप आमचे महिपतराव, तेही जुने शिपाईगडी. तालमीत आम्ही तोंडानेच 'इथे बिगुल' म्हणून भागवलं होतं. खरा बिगुल वाजला तो प्रयोगातच.

वाजला आणि सगळं थिएटर ताडकन उठून सावधान उभं राहिलं. त्याचं एक सोडा, स्मृती गेलेले आमचे महिपतरावही उभे! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सुनंदाचा चेहरा पांढराफटक पडला.

तेवढ्यात मागून खणखणीत आवाज आला, "बसून जा सगळे. नाटक दिसत नाही आहे."

या आवाजाचा ओरडा आम्ही सगळ्यांनी कधी ना कधी खाल्लेला होता. बिगुल वाजूनही एकटे सूर्याजीराव खुर्चीत बसलेले होते. शेजारी ताठ उभे असलेले कान्होजी वळले, भावाकडे बघत राहिले आणि मुकाट्याने खाली टेकले.

"बसतो, दादा," ते म्हणाले.

मग एकेक रांग बसली. महिपतरावही ओशाळून बसले. नाटक पुढे न्यायला हवं होतं, म्हणून मी डॉक्टरचा प्रश्न विचारला, "यांना बिगुल ओळखू येत नाही, लेक ओळखू येत नाही. मग हे तुझे बाबा कशावरून?"

याचं उत्तर सुनंदाने प्रत्येक तालमीत बदललं होतं. एकही तिच्या मनासारखं नव्हतं. आज ती शेवटच्या रांगेकडे बघत उभी राहिली, डोळे घळाघळा वाहत होते. थिएटरात उत्तर कुणालाच नको होतं, ते सगळ्यांनी आत्ताच ऐकलं होतं.

सूर्याजीराव तेवढे पुढे सरकून बसले होते, ती मुलगी आता काय बोलते ते ऐकायला.