वस्ताद उभे राहिले तेव्हा

मित्रांनो, काचेला नाक लावलंत तरी चालेल, फक्त कपाटाला धक्का देऊ नका. मी एक जुना, पाऱ्याचा रक्तदाबमापक आहे. पारा आता माझ्यात नाही, तो काढून घेतला. का, ते पुढे सांगेन. पण उंच काचेची नळी, तिच्या बाजूचे आकडे, दंडाला गुंडाळायचा पट्टा, हाताने दाबायचा रबरी फुगा आणि खालची चाकं, एवढा ऐवज अजून शाबूत आहे. या वयात एवढं शाबूत असणं काही थोडं नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. माझ्या नळीत पारा भरणाऱ्या बाई मोठ्या कडक होत्या. पारा शून्याच्या रेघेवर नीट बसला नाही की तो काढून पुन्हा भरायच्या, पुन्हा डोळा बारीक करून बघायच्या. त्यांना कुणी घाई केली तर म्हणायच्या, खोटं बोलणारं माप घरात ठेवण्यापेक्षा माप नसलेलं बरं. त्यांचं नाव मला कधी कळलं नाही. पण जन्मभर मी खरं बोललो, ते त्या बाईंच्या हातगुणाने. ते उपकार मी विसरलेलो नाही.

तिथून मी एका मोठ्या इस्पितळात आलो. मला चाकं होती, त्यामुळे मी कुणा एकाचा नव्हतो. ज्याला गरज त्याने न्यावं, काम झालं की मधल्या लांब बोळात आणून ठेवावं, अशी रीत होती. आज कानाच्या विभागात, उद्या नसांच्या, परवा हृदयाच्या, तेरवा लघवीच्या. हसू नका, तोही विभाग असतो, आणि तिथली माणसं फार मोलाचं काम करतात. माझं एक चाक कुरकुरायचं. त्या आवाजावरून लोक मला ओळखायचे. "आली बघा आपली वरात," असं म्हणून चिडवायचेही.

माझी खरी काळजी घेतली ती तिथल्या एका सिस्टरनी. त्या माझी नळी मऊ फडक्याने पुसायच्या, पट्टा धुवायच्या, फुग्याला चीर गेली की स्वतः भांडाराच्या दारात उभं राहून नवा आणायच्या. पेशंटशी तर त्या सख्ख्या मावशीसारख्या वागायच्या. कुणी आलं की पहिला शब्द ठरलेला, "बसा. दम घ्या. काही घाई नाही." तसा नियमच आहे म्हणा. माणूस धापा टाकत आला आणि लगेच पट्टा आवळला, तर मी भलताच आकडा दाखवीन. त्याला आधी खुर्चीत शांत बसू द्यायचं आणि मग मोजायचं. नियम चांगलाच आहे. पण चांगल्या नियमाच्या आडही एखादी गोष्ट लपून बसते, आणि ती शोधायला मला वस्ताद भेटावे लागले.

वस्ताद म्हणजे बाजाराच्या कोपऱ्यावरच्या सलूनचे मालक. ते आणि त्यांची लेक मिळून दुकान चालवायचे. केस कापणं लेकीकडे, दाढी वस्तादांकडे. वस्तरा असा चालवायचे म्हणे, की गिऱ्हाइकाला खुर्चीतच डुलकी लागायची. तर एके दिवशी एका जुन्या गिऱ्हाइकाची दाढी करताना वस्तादांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. तोल गेला, वस्तरा सरकला आणि गिऱ्हाइकाच्या कानाच्या पाळीला लागला. रक्त थोडंच आलं. गिऱ्हाईकही दिलदार, म्हणालं, कान शाबूत आहे ना, मग बायकोचं ऐकायची सोय राहिली. सगळे हसले. वस्ताद मात्र हसले नाहीत. त्यानंतर ते घरात दोनदा पडले. मग लेकीने वस्तरा कपाटात ठेवला आणि किल्ली आपल्या खिशात टाकली. वस्ताद तिला एका शब्दाने बोलले नाहीत. तेच तिला जास्त लागलं.

आता या सगळ्या गोष्टी मला कशा माहीत? अहो, दंडाला पट्टा बांधला की माणसं बोलतात. मी वस्तादांना पहिल्यांदा भेटलो कानाच्या विभागात. तोल जातो म्हणजे कानात काही असेल, म्हणून त्यांना तिथे पाठवलं होतं. तिथे त्यांना चक्कर थांबायची गोळी मिळाली. पुढे भेटले नसांच्या विभागात, तिथे झोपेची गोळी मिळाली, मग हृदयाच्या. दाबाची आणि लघवीची गोळी त्यांची आधीपासून चालूच होती. प्रत्येक ठिकाणी त्यांना प्रेमाने खुर्चीत बसवलं, मला ओढत आणलं, आणि माझा पारा बघून डॉक्टर म्हणाले, दाब अगदी छान आहे. खोटं कुणीच बोलत नव्हतं. बसलेल्या वस्तादांचा दाब खरंच छान होता. वस्ताद हसून म्हणायचे, "जन्मभर मी लोकांना खुर्चीत बसवलं, आता जो तो मलाच बसवतो." पण लेक मान खाली घालून बसलेली असायची. आजार सापडत नव्हता, आणि सापडला नाही तर दाढीची खुर्ची कायमची उचलावी लागेल, हे बापलेकींना ठाऊक होतं. बाप हातात काम नसताना कसा दिसतो ते ती रोज बघत होती.

याच सुमारास मॅडमनी मला आपल्या खोलीत नेलं. मॅडम म्हणजे डॉक्टर. त्यांना एकच खोड होती. पेशंट बरा होऊन गेला, असं कुणी म्हटलं की त्या विचारायच्या, "पुढे काय झालं?" घरी गेल्यावर पुन्हा पडला का? कामावर गेला का? नातवाला उचलून घेतो का? लोक वैतागायचे. पण मित्रांनो, याच प्रश्नाला मोठी माणसं संशोधन म्हणतात. मॅडमच्या लक्षात आलं होतं की वारंवार पडणारी माणसं या विभागातून त्या विभागात फिरत राहतात आणि पुढे काय झालं ते कुणालाच माहीत नसतं. त्यांना शंका होती की यांच्यातल्या काहींचा दाब उभं राहताक्षणी कोसळत असावा. म्हणून त्यांनी अशा माणसांना बोलवायचं ठरवलं. आधी आडवं निजवून दाब मोजायचा, मग सरळ उभं करून लगेच मोजायचा. बस्स. पट्टा बांधायचं आणि मोजायचं काम सिस्टरकडे दिलं.

आणि इथेच घोटाळा झाला. सिस्टरचं मन लोण्याचं. पलंगावरून माणूस उठायला लागला की त्यांच्या तोंडून आपोआप निघायचं, सावकाश, घाई नाही. त्या त्याला आधी पलंगाच्या कडेला बसवायच्या, पाय लोंबकळू द्यायच्या, घोटभर पाणी द्यायच्या. चेहरा पांढरा पडला तर पुन्हा बसवायच्या आणि रंग परत आल्यावर अलगद उभं करून मोजायच्या. तोवर शरीर बिचारं सावरलेलं असायचं. मी तोच सावरलेला आकडा दाखवायचो. मला दिसत होतं सगळं, पण मला तोंड कुठे होतं? आठवड्यामागून आठवडे असे गेले. मॅडम आकडे बघायच्या, पण कुणाचाच दाब कोसळलेला दिसत नव्हता. शेवटी एकदा त्या सिस्टरना म्हणाल्या की माझी शंकाच चुकीची दिसते, आता हे बंद करू. सिस्टरना फार वाईट वाटलं. मायेपोटी आपणच त्या कामावर पाणी घालतोय, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

अशात वस्तादांचा दिवस आला. सिस्टरनी त्यांना निजवलं, पट्टा बांधला, दाब मोजला. उत्तम. लेक भिंतीला टेकून उभी होती. सिस्टर पाण्याचा पेला आणायला वळल्या, तोच दारातून मॅडम आत आल्या. आता वस्तादांची जन्माची सवय अशी, की दारात माणूस दिसलं की गिऱ्हाईक आलं म्हणून ताडकन उभं राहायचं. सिस्टर सावकाश म्हणेपर्यंत वस्ताद पलंगावरून उतरून ताठ उभे, दंडाला माझा पट्टा तसाच, आणि चेहऱ्यावर दुकानातलं हसू. दुसऱ्याच क्षणी ते हसू विरलं. ओठ पांढरे झाले, हात काहीतरी धरायला शोधू लागले. सिस्टर आणि लेक दोघी त्यांना बसवायला धावल्या.

"बसवू नका," मॅडम म्हणाल्या. "मी धरलंय त्यांना. सिस्टर, आत्ता मोजा."

सिस्टरनी फुगा दाबला. माझा पारा वर गेला आणि मग हळूहळू खाली येऊ लागला. कानाला नळ्या लावून सिस्टर नाडीच्या ठोक्याची वाट बघत होत्या. जिथे ठोका यायला हवा होता ती रेघ गेली. तिच्या खालची गेली. त्याच्याही खालची गेली. मित्रांनो, माझ्या अख्ख्या आयुष्यात पारा इतका जड मला कधी वाटला नाही. शेवटी फार खाली एकदाचा ठोका ऐकू आला. सिस्टरनी आकडा सांगितला. मॅडमनी वस्तादांना तत्काळ आडवं केलं, पाय उंच केले. थोड्या वेळाने गालांवर रंग आला. डोळे उघडून वस्तादांनी आधी लेकीकडे पाहिलं. ती रडत होती. पण या वेळचं रडणं निराळं होतं, कारण आजार सापडला होता.

सिस्टर कोपऱ्यात जाऊन उभ्या राहिल्या. मग त्यांनीच हळू आवाजात सांगून टाकलं की मी तर सगळ्यांना आधी बसवत होते. मला वाटलं, आता काही खरं नाही. पण मॅडम त्यांच्याजवळ गेल्या आणि म्हणाल्या, "लगेच मोजा एवढं मी सांगितलं. लगेचच का, ते सांगायचं राहिलं. चूक माझी." मग दोघींनी मिळून आधीच्या सगळ्या माणसांना पुन्हा बोलावलं. आता सिस्टर माणसाला पाठीमागून घट्ट धरून तसंच उभं ठेवायच्या, आणि मॅडम लगेच मोजायच्या. माया तीच, फक्त तिची जागा बदलली. आणि काय सांगू, त्यांच्यातल्या कितीतरी जणांचा दाब वस्तादांसारखाच खाली येताना मी पाहिला. सगळ्यांचा नाही हं. काहींचं दुखणं कानातच होतं, काहींचं नसांत. पण ज्याचं जे होतं ते त्याला कळलं.

वस्तादांच्या बाबतीत चोर निघाल्या गोळ्या. दाबाची एक, लघवीची एक, चक्करेची एक, झोपेची एक. एकेकटी प्रत्येक गोळी सज्जन. चौघी एका पोटात जमल्या की मात्र धिंगाणा, उभं राहताच दाब पाडायच्या. मॅडमनी त्या त्या विभागाच्या डॉक्टरांना एका टेबलाभोवती बसवलं, मधोमध गोळ्या मांडल्या, आणि कुणावर बोट न दाखवता विचारलं की यांतली कुठली कमी करता येईल. डॉक्टर मंडळी मोकळेपणाने बोलू लागली. एक गोळी बंद झाली, एक बदलली, एकीची वेळ बदलली. आणि हो, हे डॉक्टरांनी केलं, बरं का. घरी कुणी स्वतःच्या मनाने गोळ्या सोडायच्या नाहीत, नाहीतर आगीतून उठून फुफाट्यात.

काही आठवड्यांनी वस्ताद पुन्हा आले, कारण मॅडमना विचारायचंच होतं, पुढे काय झालं? मधल्या काळात ते एकदाही पडले नव्हते. त्यांना निजवलं, उभं केलं. पारा खाली येऊ लागला आणि जिथे ठोका यायला हवा तिथे आला, ठणठणीत. सिस्टरनी आकडा मोठ्याने दोनदा सांगितला. वस्ताद उभेच होते. मग लेक पुढे आली. तिने खिशातून कपाटाची किल्ली काढली आणि बापाच्या तळहातावर ठेवली. वस्तादांनी मूठ मिटली.

ते दृश्य मला पाहायला मिळालं म्हणून मी स्वतःला भाग्यवान समजतो. वर्षानुवर्षं मी आकडे दाखवले, पण आकड्यापलीकडचं माणूस मला मॅडमनी दाखवलं.

पुढे नव्या पद्धतीचे मापक आले. बटण दाबलं की आकडा उजळतो, पाऱ्याची भानगड नाही. पारा सांडला तर माणसाला, पाण्याला, मातीला विषच. म्हणून माझा निवृत्तीचा दिवस आला. पहिले काही महिने मी जिन्याखाली धूळ खात पडलो, चाकांना गंज चढला, आणि वाटलं, संपलं आता. पण सिस्टरनी मला शोधून काढलं. जाणत्या माणसांना बोलावून पारा नीट काढवला, नळी पुसली आणि मला इस्पितळातल्याच या काचेच्या कपाटात उभं केलं. रिकामा झालोय, तरी तक्रार नाही. ज्यांनी मला घडवलं, ओढलं, पुसलं, त्या सगळ्यांचं देणं मनात भरून आहे.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. घरात जुनं पाऱ्याचं यंत्र असेल तर ते खेळायला घेऊ नका, फोडू नका, मोठ्यांना सांगून योग्य ठिकाणी पोचवा. आणि घरातलं म्हातारं माणूस तोल जातो म्हणालं, तर वय झालं असं म्हणून सोडून देऊ नका. नुसतं बसून बरं वाटतंय ना, एवढंच विचारू नका. उठल्यावर काय होतं तेही विचारा, आणि उत्तर येईपर्यंत जवळ थांबा.

वस्ताद हल्ली दर आठवड्याला इथे येतात. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटची दाढी करून देतात, आपणहून. जाताना माझ्या कपाटापाशी थांबतात, काचेत बघून केस नीट करतात, आणि आजूबाजूला कुणी नाही असं पाहून हळूच म्हणतात, "उभा आहे, बरं का."