बटण नसलेली वायर

मी एका जुन्या बोटीच्या तळातली पांढरी वायर बोलतेय. आवाज बारीक येईल, समजून घ्या. एकोणतीस वर्षं ओलीत काढली की अंगात फार बळ उरत नाही.

माझे पहिले मालक घरं रंगवायचे. सगळे त्यांना पेंटरकाका म्हणत. कुठल्याशा घरात उरलेलं पांढऱ्या वायरचं अख्खं बंडल त्यांनी आणलं आणि दिवे, पंखा, भोंगा, पंप, सगळीकडे आम्हालाच पसरलं. जन्मभर लोकांच्या भिंतींना रंग दिलेल्या माणसाला दोन वायरींचे रंग वेगळे असावेत, एवढं सुचू नये? काकू म्हणाल्या, "अहो, निदान चिठ्ठ्या तरी लावा." काकांनी कपाळावर बोट टेकवलं. "सगळं इथं आहे."

मी पंपाची. बोटीच्या मागच्या अंगाने थेंब थेंब पाणी आत यायचं. एकदा काका पंपाचं बटण बंद करून घरी गेले आणि परत येईतो बाकापर्यंत पाणी चढलं. त्या दिवशी त्यांनी चिडून मला बटणावरून सोडवलं आणि थेट बॅटरीला जोडलं. आता तळात पाणी वाढलं की पाण्यावर तरंगणारा फ्लोट वर यायचा आणि पंप आपोआप सुरू व्हायचा. बटण मात्र बटणांच्या फळीवर तसंच राहिलं, मागे वायरचा एक तुकडा लोंबत, खाली काकांच्या सुरेख अक्षरात 'पंप' लिहिलेलं.

तेव्हापासून मला सुट्टी नाही. दिवे विझायचे, पंखा थांबायचा, मी आपली जागीच. कौतुक कुणी करायचं? काकांशिवाय कुणाला ठाऊकच नव्हतं.

काकांचे गुडघे गेले आणि बोट विकली. घेतली एका शिवणकाम करणाऱ्या ताईंनी. त्यांची भाड्याची खोली सुटली होती. शिलाई मशीन, कात्र्या, रिळं, सगळा संसार घेऊन त्या बोटीवर राहायला येणार होत्या. हातात एका शाळेचे चाळीस गणवेश होते. ते वेळेत गेले तर शाळेचं काम कायमचं मिळणार होतं, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

आधी वायरिंग निस्तरायचं म्हणून बोट किनाऱ्यावर ओढली, बॅटरी सोडवली आणि वायरमनदादांना बोलावलं. दादांनी फळी उघडली आणि डोक्याला हात लावला.

"ताई, सगळ्या पांढऱ्या? कुणी केलंय हे?"

ताईंनी रिळं काढली. दिव्यांच्या वायरींना पिवळा दोरा, पंख्याला निळा, भोंग्याला हिरवा. प्रत्येकीला नीट गाठ. मला वाटलं, चला, या वयात का होईना, आपली कुणी विचारपूस करतंय.

दादांनी मला ओढून पाहिलं. "ही कुठल्याच बटणाला जात नाही."

"आणि पंपाची?"

"पंपाचं बटण हे काय, लिहिलंय की. त्याला वायरचा तुकडा आहे मागे. तळ कोरडा आहे, पाणी आल्याशिवाय पंप बोलणार नाही."

"मग ही टाका कापून. नसती अडगळ."

मला ओरडायचं होतं. वायरला कुठून येणार आवाज? पक्कड कचकन मिटली.

संध्याकाळी बोट पाण्यात उतरली, सगळे दिवे लागले, ताईंनी टाळ्या वाजवल्या. सकाळी अंथरुणातून पाय खाली सोडला तो घोटाभर पाण्यात. गणवेशांचं गाठोडं खालीच होतं. अकरा भिजले होते. ताईंनी बादली घेतली आणि उपसता उपसता रडवेल्या आवाजात काकांना फोन लावला.

"काका, पंप का चालत नाही?"

"बटणाच्या भानगडीत पडू नकोस पोरी. पांढरी वायर थेट बॅटरीला आहे."

"सगळ्याच पांढऱ्या आहेत, काका! आधी का नाही सांगितलं?"

काका म्हणाले, "चुकलंच माझं. येतो."

दुखरे गुडघे घेऊन, काकूंचा हात धरून ते आले. बाकावर बसून एकेक वायर सांगत गेले आणि ताई मापांच्या वहीत लिहीत गेल्या. काकू एवढंच म्हणाल्या, "एकोणतीस वर्षांपूर्वी सांगितलं होतं." अकरा गणवेश पुन्हा धुऊन, इस्त्री होऊन वेळेत शाळेत पोचले.

दादांनी माझं कापलेलं टोक सोलून पाहिलं. आतली तार काळी पडली होती. "हिच्यात काही राहिलं नाही. नवी टाकू." मग त्यांनी माझ्या शेपटाला कोरी लाल वायर बांधली आणि मला दुसऱ्या टोकाने ओढलं. ज्या अंधाऱ्या वाटेवर मी उभा जन्म काढला, त्याच वाटेने सरकत मी बाहेर आले आणि माझ्यामागून ती आत गेली. माझं शेवटचं काम तेच.

बाकीची मी भंगारात गेले. वीतभर तुकडा मात्र ताईंनी ठेवला आणि त्याने लाल वायरला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधली: 'पंप. हिला बटण नाही. कापू नये.'

तुमच्याही घरात कुणाच्या तरी डोक्यात सगळं असेल. ते माणूस बोलतंय तोवर विचारून घ्या, लिहून ठेवा.

रात्री तळात पाणी वाढतं, पंप सुरू होतो, लाल पोरगी कामाला लागते. मी चिठ्ठी धरून असते. आता मला झोप लागते.