पहिल्या क्रमांकाचा अल्बम

माझ्या लाँड्रीच्या मागच्या खोलीत दर गुरुवारी संध्याकाळी चार पुरुष नाकाने कांदे सोलायला जमतात. त्यातला एक माझा धाकटा भाऊ, म्हणून खोली फुकट. बाकीचे तिघे म्हणजे कोपऱ्यावरचा चष्मेवाला, बँकेतला एक दाढीवाला आणि ज्याला सगळे प्रोफेसर म्हणतात तो. शिकवत तो कुठेच नाही. चौघांना रॉक संगीताचं वेड, पण साधंसुधं नाही. जे अल्बम निघाले, पडले आणि कुणी विचारलेही नाहीत, तेवढेच यांना चालतात. ते शोधून आणायचे, एकमेकांना ऐकवायचे, वहीत क्रमवारी लावायची आणि जगाला कशी अक्कल नाही यावर दोन तास बोलायचं. शिफारस हा शब्द तोंडी सतत, पण शिफारस होते ती या चौघांतल्या चौघांत. वहीतला एखादा अल्बम बाहेर कुणाला आवडू लागला की चष्मेवाला त्यावर लाल रेघ मारतो. "बाटला," म्हणतो.

वहीत बरीच वर्षं पहिला होता 'ओले जिने'. 'तिसरा मजला' नावाच्या बँडचा, तीस वर्षांपूर्वीचा, दोनशे प्रती निघालेला. भावाने तो भंगारात शोधला. त्याच्या आयुष्यातलं तेवढंच एक कर्तृत्व. खरं सांगायचं तर तो मलाही फार आवडायचा. गाणारी बाई गळा काढत नाही, लाडात येत नाही. दमून घरी आलेल्या माणसासारखी बोलते आणि मागे गिटार भांडत असतं. शर्टांच्या कॉलरवर इस्त्री फिरवताना मी गुणगुणायचे, की आतून भाऊ ओरडायचा, "ताई, ते गुणगुणायचं संगीत नाही." गाढवाला गुळाची चव काय, असा त्याचा सूर. पंचवीस वर्षं लाँड्री मी चालवते, घर मी चालवते, आणि गाढव मी.

भावाने त्या बाईंना कधीतरी कौतुकाचं पत्र लिहिलं होतं, वर लाँड्रीचा पत्ता आणि फोन नंबर. त्याचं उत्तर चार वर्षांनी आलं. बाई आता ड्रायव्हिंग शिकवतात. पत्र अगदी सरळ होतं. बँडने दुसरा अल्बमही तेव्हाच रेकॉर्ड केला होता, पण तो निघालाच नाही. त्याची एकुलती एक टेप स्टुडिओच्या मालकाकडे पडून आहे. स्टुडिओ बंद होतोय आणि पंधरा तारखेला तो सगळ्या टेप पुसून विकून टाकणार आहे. ऐकायला पन्नास माणसं तरी आहेत असं नाव-सहीनिशी दाखवा, मग अल्बम काढतो, असं तो म्हणाला. खाली त्याचा पत्ता होता. 'आम्हाला पत्र लिहिणारे तुम्ही एकटेच,' शेवटी लिहिलं होतं. 'तुमच्या ओळखीत कुणी असेल.'

त्या गुरुवारी यावर चर्चा झाली. मी दारातच उभी राहिले.

"पन्नास म्हणजे जत्राच झाली," चष्मेवाला म्हणाला.

"आणि दुसरा निघाला की लोक पहिला शोधत येणार," दाढीवाला म्हणाला. त्याला खरोखर घाम फुटला होता.

"कलेच्या दृष्टीने विचार करायला हवा," प्रोफेसर म्हणाला. तो विचार करायला हवा म्हणतो तेव्हा विचार संपलेला असतो.

"तुम्ही चौघं आणि प्रत्येकाच्या ओळखीची बारा माणसं," मी म्हटलं. "झालं काम."

चष्मेवाला चष्मा पुसू लागला, बाकीचे वहीची पानं उलटू लागले. यांच्या ओळखीत बारा माणसंच नसतील, हेही शक्य आहे.

"राहू द्या, मी आणते नावं."

"लाँड्रीतून?" दाढीवाला हसला. भाऊही हसला, आणि ते मला लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून काउंटरवर 'ओले जिने' लावला. काही गिऱ्हाइकांनी आठ्या घातल्या. एकाने विचारलं, वॉशिंग मशीन बिघडलंय का. पण एक नर्स गणवेश न्यायला आली, ती दोन गाणी संपेपर्यंत हलली नाही. बसचा ड्रायव्हर म्हणाला, "ही बाई माझ्या बायकोसारखी बोलते. खरं आणि तोंडावर." एक आजोबा कोट तयार नाही असं धरून चालून तीनदा येऊन बसले. कोट पहिल्याच दिवशी समोर लटकत होता. दुसरा अल्बम ऐकायचाय का विचारलं की लोक पावतीच्या मागे नाव लिहून सही करत. मी कुणाला गळ घातली नाही. नवव्या दिवशी त्रेसष्ट पावत्या झाल्या. रबर लावून गठ्ठा भावाच्या हातात दिला, कारण पत्र आणि पत्ता त्याच्याकडे होता. "उद्याच्या उद्या टाक," म्हटलं. तो हो म्हणाला. माझी अक्कल तेव्हा कुठे चरायला गेली होती कोण जाणे.

पंधरा तारीख गेली. पुढच्या गुरुवारी मी चहा घेऊन आत गेले, तर चष्मेवाला वहीच्या कोऱ्या पानावर सुवाच्य अक्षरात लिहीत होता: क्रमांक एक, 'तिसरा मजला'चा दुसरा अल्बम.

"निघाला?" मी विचारलं. मूर्खासारखा मला आनंद झाला होता.

"पुसला," प्रोफेसर म्हणाला. "कालच स्टुडिओच्या मालकाला फोन करून खात्री करून घेतली. जगात कुणीही न ऐकलेला अल्बम. याच्या वर काही जाऊच शकत नाही."

मी भावाकडे पाहिलं. तो कपात बघत होता.

"पावत्या?"

"पाठवणार होतो, ताई."

"मग?"

"मग तो लाँड्रीत वाजला असता, बसमध्ये वाजला असता. तुला नाही कळायचं. आता त्याला कुणी हात लावू शकत नाही."

कुंपणानेच शेत खाल्लं होतं, आणि वर मलाच शेती शिकवत होतं. याला मी हात धरून शाळेत पोचवलेला. मला त्याची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

तेवढ्यात बाहेर फोन वाजला. मी उचलला. त्या बाई होत्या. वय झालं होतं, तरी आवाज मी लगेच ओळखला. मी बहीण बोलतेय, असं सांगितलं.

"तुमच्या भावाला उगाच त्रास दिला," त्या म्हणाल्या. "पन्नास फारच झाले. कुठून आणणार ते तरी. त्यांना सांगा, मनाला लावून घेऊ नका."

बरं, सांगते, म्हणून फोन ठेवून देणं सोपं होतं. पण मग मी त्या खोलीतली पाचवी झाले असते.

"त्रेसष्ट होते," मी म्हटलं. "सह्या केलेले. माझ्या भावाने ती नावं पाठवली नाहीत."

त्या शिव्या देतील असं वाटलं. द्यायलाच हव्या होत्या.

"त्रेसष्ट?" त्या म्हणाल्या. "नावं आहेत अजून?"

मी फोन घेऊन आत गेले आणि भावासमोर हात पसरला. त्याने बॅगेतून गठ्ठा काढला. मी बांधलेलं रबर तसंच होतं.

"आहेत," मी म्हटलं.

"वाचून दाखवाल का?"

मी स्पीकर लावला, फोन वहीवर ठेवला आणि गठ्ठा भावाकडे परत सरकवला. "वाच."

"ताई, यांच्यासमोर नको."

"वाच."

तो वाचू लागला. आधी नाव, मग लोकांनी खाली लिहिलेलं काहीबाही. दोनदा ऐकलं. मिसेसलाही हवाय. कोट नेला, पण गाण्यासाठी पुन्हा येईन. दाढीवाल्याने उठून घड्याळ पाहिलं आणि मी दारात उभी आहे हे बघून परत बसला. आठव्या की नवव्या पावतीला भाऊ अडखळला. त्याने गठ्ठा खाली ठेवला आणि डोळे पुसले.

"पुढचं," फोनमधून बाई म्हणाल्या.