सरदारचा अंगारा

रिसोडच्या बाजाराबाहेर हरीओम महाराजांच्या पत्र्याच्या शेडपुढे रीघ लागली होती. परवापर्यंत गोल गोल फिरणारा, भिंतीला डोकं लावून उभा राहणारा कुत्रा आज सरळ चालत येऊन त्यांच्या पायाशी बसला होता.

"डॉक्टरच्या मशीनले जे दिसत नाही, थे आमच्या अंगाऱ्याले दिसते," महाराज म्हणाले. लोकांनी नारळ वाढवले.

कुत्रा प्रयागबाईचा. नवरा गेल्यापासून भाजीच्या मळ्यात ती आणि सरदार, दोघंच. त्याला झटके येऊ लागले, तेव्हा जनावरांच्या डॉक्टर तहसीन यांनी काही लपवलं नाही. मेंदूत गाठ असावी, ती जाणार नाही. पण एक गोळी झटके आवरील, दुसरी गाठीभोवतीची सूज उतरवील, उरलेले दिवस सुखाचे जातील, असं त्या म्हणाल्या. प्रयागबाईला उरलेले दिवस नको होते, सरदार हवा होता. ती महाराजांकडे गेली. त्यांनी सगळ्या गोळ्या पायाशी ठेवून घेतल्या. गोळीने अंगारा बाटतो म्हणाले. अंगारा चाटवला आणि सरदार खरंच उठला, पोटभर जेवला.

मग एका सकाळी वांग्यांच्या वाफ्यात त्याला झटका आला. तो ओसरतो न ओसरतो तोच दुसरा. तहसीन धावत आल्या, इंजेक्शन दिलं, काय काय चारलं ते विचारलं. अंगाऱ्याची उरलेली पुडी त्यांनी ताटलीतल्या पाण्यात सोडली. राख वर तरंगली, तळाशी पांढरी भुकटी बसली. तिच्यात गोळीचा एक न कुटलेला तुकडा होता.

"मावशी, ही मीच दिलेली सुजेची गोळी आहे. महाराजांनी तीच कुटून राखेत घातली. सरदार हिच्यामुळे उठला. झटक्याची गोळी मात्र त्याला मिळालीच नाही."

"मंग म्याच मारून राह्यली का त्याले?"

तहसीन यांनी सरदारच्या पाठीवर हात ठेवला. "गाठीनं तो जाणारच होता. पण असा तडफडत नाही."

दुपारी सरदारने प्रयागबाईच्या मांडीवर डोकं टाकलं ते उचललं नाही.

प्रयागबाई ताटली घेऊन तशीच शेडमध्ये गेली. मानोऱ्याकडच्या तांड्यावरची हेमला आपल्या झटके येणाऱ्या लेकीच्या गोळ्या महाराजांच्या पायाशी ठेवत होती. प्रयागबाईने तिचं मनगट धरलं आणि घडलं ते सगळ्यांसमोर सांगितलं. तुझी श्रद्धाच कमी पडली, असं महाराज म्हणाले. तिने त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

"बाई, माह्या सरदारले बोलता येत नव्हतं. त्याच्या वाटचं म्या विचाराले पाह्यजे होतं, या राखेत काय हाय म्हणून. म्या नाही विचारलं. तू विचार. सांगत नसन, तर पोरीच्या तोंडाले लावू नको. अन् डॉक्टरले पुसल्याबिगर गोळी बंद करू नको."

हेमलाने गोळ्या उचलल्या. रांगेतले थोडेच लोक उठले. प्रयागबाई मळ्याकडे वळली. सरदारला पुरायचं होतं.